प्रतिस्पर्ध्याची साक्ष : हर्लिंगचे श्रेष्ठ खेळाडू आणि आयर्लंडची आठवण

१९८४ साली आयर्लंडच्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने हर्लिंग या खेळातल्या शतकभरातल्या सर्वोत्तम पंधरा खेळाडूंचा संघ जाहीर झाला. पुढे २००० साली 'सहस्रकाचा संघ' निवडला गेला आणि त्यातल्या खेळाडूंची टपाल तिकिटे निघाली. या दोन याद्या शेजारी ठेवून वाचल्या तर पंधरापैकी तेरा नावे तीच दिसतात. बदलली फक्त दोन. जिमी फिनच्या जागी ब्रायन व्हेलाहन आला आणि निकी रॅकर्डच्या जागी रे कमिन्स. सोळा वर्षांत रॅकर्डच्या खेळात तर काही बदल होणे शक्य नव्हते. तो १९७६ सालीच वारला होता. मग बदलले काय? या प्रश्नाने मला या विषयात ओढले.

मी इतिहासाची पदवी घेतलेली नाही. आपल्याकडच्या देशी खेळांच्या जुन्या नियमावल्या गोळा करता करता आयर्लंडपर्यंत पोचलो. मराठी वाचकाला तो देश ठाऊक आहे तो राजकारणातून. १९१६ साली टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, तो 'होमरूल' शब्दच आयर्लंडच्या चळवळीतून आलेला. त्या चळवळीच्या शेजारी मैदानावर काय चालले होते, याकडे मात्र आपल्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

हर्लिंगची ओळख थोडक्यात करून देतो. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू. हातात अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला वळून रुंद झालेली काठी. तिला इंग्रजीत हर्ली म्हणतात आणि आयरिशमध्ये जे म्हणतात ते आपल्या कानाला थेट 'कमान' असे लागते. नाते जोडण्याचा मोह मी आवरतो. चामडी चेंडू हॉकीसारखा जमिनीवरून मारता येतो, हवेत टोलवता येतो, हाताने झेलता येतो, काठीच्या पात्यावर तोलून पळतही नेता येतो. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण.

खेळ प्राचीन, पण त्याची आजची घडी बसली ती १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्लस गावातल्या हेज हॉटेलात, मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डॅव्हिन यांनी बोलावलेल्या छोट्या बैठकीत. १८८७ पासून अखिल आयर्लंड अजिंक्यपद सुरू झाले. ही संघटना खेळापुरती राहिली नाही. तिच्या सभासदांना क्रिकेट, रग्बी, फुटबॉल हे 'परके' खेळ खेळण्याची, पाहण्याचीही बंदी होती. खुद्द राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्याला गेले म्हणून १९३८ साली त्यांचे आश्रयदातेपद काढून घेण्यात आले. बंदी उठली ती १९७१ साली. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. १४ माणसे मेली. त्यांत टिपेररीचा खेळाडू मायकेल होगन होता. ज्या देशात मैदानावर असे रक्त सांडले, तिथे 'सर्वांत थोर खेळाडू कोण' हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा राहत नाही.

या खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवायला हवे. खेळाडूंना पगार नाही आणि संघांची खरेदी-विक्री नाही. साधारणपणे ज्या काउंटीत तुम्ही जन्मलात वा वाढलात, तिच्यासाठीच आयुष्यभर खेळायचे. क्रिस्टी रिंग सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तेलाची मालमोटार चालवायला जाई. त्यामुळे गळ्यातली पदके मोजून थोरवी ठरवायची म्हटले, तर निम्मे श्रेय जन्मगावाला द्यावे लागते.

पदकांचा हिशेब मी बारकाईने तपासला. रिंग कॉर्क काउंटीचा, १९२० साली क्लॉइन गावी जन्मलेला. त्याच्या नावावर आठ अखिल आयर्लंड पदके आहेत: १९४१ ते १९४४ सलग चार, १९४६, आणि १९५२ ते १९५४ सलग तीन. यातले पहिले पाहा. १९४१ साली गुरांमध्ये लाळ-खुरकताची साथ आली आणि टिपेररी व किलकेनी या दोन बलाढ्य काउंट्यांना खेळताच आले नाही. कॉर्कला थेट नाव देऊन पुढे पाठवले गेले आणि त्यांनी डब्लिनला हरवून अजिंक्यपद मिळवले. साथ ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, मन्स्टर प्रांताचा राहिलेला अंतिम सामना झाला. तो टिपेररीने जिंकला! म्हणजे देशाचा अजिंक्य संघ स्वतःच्या प्रांतात हरलेला.

आता दुसरे टोक पाहू. किलकेनीच्या हेन्री शेफ्लिनने २००० ते २०१४ या काळात दहा पदके मिळवली. रिंग आणि टिपेररीचा जॉन डॉइल यांच्या आठ पदकांचा विक्रम त्याने मोडला तो २०१२ साली, नवव्या पदकाने. पण त्या वर्षी किलकेनी लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात गॉलवेकडून हरली होती. रिंगच्या काळी एक पराभव झाला की वर्ष संपले. १९९७ पासून नियम बदलले आणि हरलेल्यांना दुसरे दार उघडले. त्या दारातून किलकेनी परत आली, अंतिम सामन्यात पुन्हा गॉलवेच समोर आली, बरोबरी झाली, आणि फेरसामन्यात किलकेनी जिंकली. सामन्याची लांबीही सारखी नाही: आधी ६० मिनिटे, १९७० ते १९७४ या वर्षांत ८०, नंतर ७०. तेव्हा दोन काळांतले आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत. यात शेफ्लिनचे काही कमी होत नाही. गुडघ्याच्या गंभीर दुखापतींतून उठून तो परत आला होता आणि त्याच २०१२ साली तो तिसऱ्यांदा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. कमी होतो तो फक्त आकड्यांचा दरारा.

आकडे बाजूला ठेवले की उरते लोकांची आठवण. लिमरिकच्या मिक मॅकीकडे अवघी तीन पदके: १९३४, १९३६, १९४०. तरीही दोन्ही याद्यांत तो रिंगच्या शेजारी उभा आहे. १९३६ च्या मन्स्टर अंतिम सामन्यात त्याने टिपेररीविरुद्ध पाच गोल आणि तीन गुण केले. त्याचा एक गुडघा दुखावलेला होता आणि प्रतिस्पर्ध्यांना चकवायला त्याने पट्टी धडधाकट गुडघ्यावर बांधली होती, असे अजून सांगतात. ही कथा कागदावर सिद्ध करता येईल असे मला वाटत नाही; पण लोक आपल्या लाडक्याबद्दल काय सांगू इच्छितात, याचा तो पक्का पुरावा आहे. १९४४ साली युद्धामुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा हजारो लोक मैलोन्‌मैल सायकली हाणत थर्लसला गेले, कारण मैदानात एका बाजूला मॅकी आणि दुसऱ्या बाजूला रिंग होता. सामना बरोबरीत सुटला. फेरसामन्यात अखेरच्या क्षणी रिंगने चेंडू घेऊन एकट्याने मुसंडी मारली आणि गोल केला. लिमरिकचे वर्ष तिथेच संपले.

आपल्या माणसांची आठवण मात्र आपल्याच बाजूला झुकते. म्हणून मी इतिहासातला जुना नियम लावतो: विरोधकाची साक्ष अधिक वजनाची. शिवचरित्राच्या अभ्यासकाला खाफीखानाने नाइलाजाने केलेली स्तुती मोलाची वाटते, ती याच कारणाने.

ही साक्ष १९५६ च्या अंतिम सामन्यात सापडते. कॉर्कविरुद्ध वेक्सफर्ड. रिंग नवव्या पदकाच्या दाराशी उभा होता. शेवटच्या मिनिटांत त्याचा फटका गोलरक्षक आर्ट फोलीने अडवला. चेंडू दुसऱ्या टोकाला गेला आणि निकी रॅकर्डने गोल करून सामना संपवल्यात जमा केला. शिट्टी वाजली. मग वेक्सफर्डच्या बॉबी रॅकर्ड आणि निक ओडॉनेल यांनी, स्वतः जिंकलेले असताना, हरलेल्या रिंगला खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. दिवसभर ज्यांनी त्याला अडवले, त्यांच्याइतके त्याला कोण ओळखणार? दहा पदकांनीही मिळणार नाही अशी ही पावती आहे. म्हणून माझ्या यादीत पहिले नाव रिंगचे.

दुसरे नाव दोन्ही अधिकृत याद्यांत नाही. क्लेअर काउंटीचा जिमी स्मिथ. क्लेअरने १९१४ साली अजिंक्यपद मिळवले, त्यानंतर थेट १९९५ साली. स्मिथची सगळी कारकीर्द या ८१ वर्षांच्या कोरड्या पट्ट्यात पडली. १९५३ साली लिमरिकविरुद्ध एका सामन्यात त्याने सहा गोल आणि चार गुण केले. अखिल आयर्लंड पदक एकही नाही. पण मन्स्टरचा प्रांतिक संघ निवडायची वेळ आली, की कॉर्क-टिपेररीच्या मातब्बरांबरोबर त्याला घेतले जाई. हीदेखील प्रतिस्पर्ध्यांचीच साक्ष. १९८४ साली कधीच पदक न मिळालेल्यांचाही एक संघ निवडण्यात आला होता आणि त्यात तो होता. ज्यांनी ही दुसरी यादी करण्याचे मनात आणले, त्यांना खेळाचा इतिहास कळला होता असे मी म्हणेन.

राहता राहिला रॅकर्ड. पेशाने जनावरांचा डॉक्टर, वेक्सफर्डला १९५५ आणि १९५६ ची अजिंक्यपदे मिळवून देणारा. पुढे दारूने त्याला ग्रासले, त्यातून तो बाहेर पडला आणि इतर व्यसनी माणसांना सोडवण्यात त्याने उरलेली वर्षे घालवली. १९८४ च्या निवडीच्या वेळी त्याला खेळताना पाहिलेली माणसे ऐन उमेदीत होती. २००० पर्यंत ती पातळ झाली होती आणि सत्तरच्या दशकातला कमिन्स डोळ्यांसमोर ताजा होता. मला तरी त्या बदलाचे याहून वेगळे कारण दिसत नाही. दोन्ही याद्यांत १९२० पूर्वीचा एकही खेळाडू नाही, यालाही हेच कारण असावे. पाहणारा गेला की खेळाडू दुसऱ्यांदा मरतो.

मात्र २००५ पासून दुबळ्या काउंट्यांसाठी ज्या स्वतंत्र स्पर्धा सुरू झाल्या, त्यांतल्या एकीच्या चषकाला रिंगचे नाव आहे आणि दुसरीच्या चषकाला रॅकर्डचे. जिथे अजिंक्यपदाचे स्वप्नही कोणी पाहत नाही, अशा गावांतली पोरे दर उन्हाळ्यात ही नावे उच्चारत मैदानात उतरतात. यादीतून गळलेला माणूस तिथे खेळात आहे.