ठासणीची बंदूक : एका नळीचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील जंगलालगतच्या गावांत रानडुकरे आणि रोही यांच्यापासून कापूस, तूर व ज्वारी यांचे रक्षण करणे हा शेतकऱ्यापुढील जुनाच प्रश्न आहे. या कामासाठी परवाना मिळालेल्या शेतकऱ्याची बंदूक म्हणजे बहुधा ठासणीची बंदूक होय. नळीच्या तोंडातून दारू व छर्रे भरावयाचे, गजाने ते ठासावयाचे आणि एक बार झाला की हीच सर्व क्रिया पहिल्यापासून करावयाची, अशी तिची रीत. मागे पडलेल्या युगातील हे हत्यार विसाव्या शतकातही टिकून राहिले, याचे कारण ग्रामीण जीवनाच्या स्थितिशीलतेत शोधले जाते. परंतु नळीचा इतिहास पाहिला असता हा समज अपुरा ठरतो. ही बंदूक केवळ सवयीने टिकलेली नाही. ती टिकविण्यात राज्यसत्तेचा वाटा मोठा आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. 'बंदूक' हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ एका जातीचे कवचीचे फळ असा असून पुढे तो गोळीला व अखेरीस गोळी फेकणाऱ्या हत्याराला लागू झाला. 'तोफ' हा शब्द तुर्की आहे. याउलट 'नळी' हा शब्द संस्कृत 'नाडी-नालिका' या कुळातील आहे. 'एकनळी', 'दुनळी' ही विशेषणे त्यावरूनच बनली. हत्याराचे नाव परके, पण त्याच्या मुख्य अवयवाचे नाव घरचे, अशी ही वाटणी आहे. 'नालिक' हा शब्द शुक्रनीतीत आढळतो म्हणून प्राचीन भारतात बंदुका होत्या, असे प्रतिपादन गुस्ताव ओपर्ट यांनी १८८० मध्ये केले होते; तथापि त्या ग्रंथातील हा भाग बराच अर्वाचीन असल्याचे पुढील संशोधकांनी दाखविले आहे. शब्द जुना असला म्हणून वस्तूही तितकीच जुनी ठरत नाही, हा धडा येथे घेण्यासारखा आहे.

'ठासणीची' हे विशेषण आणि पूर्व विदर्भात रूढ असलेला 'भरमार' हा शब्द, ही दोन्ही नावे बंदूक भरण्याच्या क्रियेवरून पडली आहेत. 'रायफल' हा शब्द मात्र नळीच्या अंतर्भागाचा आहे. नळीच्या आतील पेचदार खाचा असा त्याचा मूळ रोख. या खाचांमुळे गोळीला फिरकी मिळते व ती दूरवर नेमकी जाते. मराठीने या खाचांसाठी स्वतंत्र रूढ शब्द घडविला नाही, इंग्रजी नावच स्वीकारले. बंदूक कशी भरावयाची हे गावाने पाहिले. नळी आतून कशी आहे हे सरकारने पाहिले. पुढील सर्व इतिहास या दोन दृष्टींच्या अंतरात सामावलेला आहे.

नळी घडविण्याचे तपशीलवार वर्णन आईन-इ-अकबरीत सापडते. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा ठोकून जोडीत; अशी नळी पाव हिश्शाहून अधिक दारूने भरता येत नसे. पुढे पट्टी तिरपी पिळून, तापवून व सांधून नळी घडविण्याची पद्धत आली, आणि तोंडापर्यंत भरली तरी ती फुटत नाही, असे अबुल फजल सांगतो. एका बैलाच्या बळाने अनेक नळ्या एकदम आतून साफ करणाऱ्या चाकाचाही तो उल्लेख करतो. याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील परगण्यांच्या यादीत 'योत लोहारा' हे नाव आहे. त्यातील लोहारा हे यवतमाळजवळचे गाव. या ग्रामनामाचा 'लोहार' शब्दाशी संबंध सहज सुचतो. परंतु तेवढ्यावरून तेथे नळ्या घडत होत्या असे म्हणणे म्हणजे ओपर्टच्याच वाटेने जाणे होय. एवढे मात्र निश्चित, की साधी नळी हे भट्टी, घण व ऐरण यांच्या आवाक्यातील काम होते. ती दुरुस्त करणे, आखूड करणे किंवा तिला नवा कुंदा बसविणे यासाठी कारखान्याची गरज नव्हती.

ही स्थिती १८५७ नंतर पालटली. त्या वर्षीच्या उठावास निमित्त झालेली १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड ही ठासणीचीच होती, पण तिच्या नळीत खाचा होत्या. उठाव शमल्यावर हिंदी शिपायांसाठी जो नमुना काढण्यात आला, त्यात नळी आतून रुंद करून खाचा नाहीशा करण्यात आल्या. बाहेरून बंदूक तीच दिसे. आतून मात्र तिचा पल्ला व नेम काढून घेतलेला असे. गोऱ्या सैन्याच्या हाती सरस हत्यार असावे, हे धोरण पुढेही चालू राहिले. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री ही एका वेळी एकच बार करणारी रायफल ब्रिटिश सैन्याने स्वीकारली, तेव्हा हिंदी पलटणींच्या वाट्याला तिच्या आधीची स्नायडर आली. विसाव्या शतकात इशापूरच्या कारखान्यात ली-एनफील्ड रायफली बदलून गुळगुळीत नळीच्या, एकेक बार करणाऱ्या '४१०' मस्कटी पोलिसांसाठी तयार झाल्या. मूळ हत्यार सुधारलेले, पण हेतुपुरस्सर मागे नेलेले, हा त्यामागील एकच विचार होय.

नागरिकांच्या बाबतीत हेच कार्य १८७८ च्या शस्त्र कायद्याने केले. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असले, तरी नावाला ते निजामाचे होते व ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे वेगळ्या आज्ञेने लागू करावे लागत. तथापि परवान्यावाचून नळी नाही, हे तत्त्व तेथील शेतकऱ्यालाही चुकले नाही.

स्वातंत्र्यानंतरचा १९५९ चा शस्त्र अधिनियम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. संरक्षण वा शिकार यांसाठी निदान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पिकांच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, असा भेद त्याच्या १३ व्या कलमात करण्यात आला. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच शेतकऱ्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल, अशीही तरतूद झाली. सहाव्या कलमाने परवान्यावाचून नळी आखूड करण्यास किंवा नकली शस्त्राचे खऱ्यात रूपांतर करण्यास मनाई केली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बंदूक हाती असूनही पीक खाणारे जनावर मारण्यासाठी वेगळी परवानगी आवश्यक केली.

ठासणीच्या बंदुकीला स्वतःचे गुण आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. ती स्वस्त असते, तिला कारखान्यातील काडतूस लागत नाही, आणि ती गावातच दुरुस्त होऊ शकते. परंतु येथेच एक विसंगती दिसते. सर्वांत निरुपद्रवी म्हणून सत्तेने जी बंदूक शेतकऱ्याला दिली, तिचीच नळी, दारू व छर्रे गावात तयार होऊ शकतात. म्हणजे तीच नियंत्रणाला सर्वांत अवघड. नळीची लांबी इंचांत लिहून ठेवण्याची गरज कायद्याला का भासली, हे यावरून उमगते.

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण घेता येईल. तेथे यादवी युद्धाच्या शताब्दीच्या सुमारास जुन्या ठासणीच्या बंदुकांच्या प्रतिकृतींना मागणी आली व त्या मुख्यतः इटलीत बनू लागल्या. १९६८ च्या तेथील संघीय कायद्याने अशा प्रतिकृतींना सामान्यतः शस्त्रांच्या व्याख्येतून वगळले. त्यामुळे प्रतिकृतीची नळी कापणे, बदलणे, तीत आपल्या पसंतीच्या खाचा पाडणे हा तेथे हौशी माणसाचा छंद झाला. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या हातीही बंदूक त्याच जातीची. परंतु तिची नळी त्याच्या हौशीचा विषय नाही, परवान्याचा आहे. खाचा पुसणारी १८५८ ची आज्ञा आणि लांबी ठरविणारे १९५९ चे कलम यांमध्ये एक शतक व एक सत्तांतर आहे. तरीही शेतकऱ्याच्या हाती कोणती नळी असावी हे ठरविण्याचा अधिकार दोन्ही वेळी सत्तेकडेच राहिला. ठासणीच्या बंदुकीला गतकाळाचा अवशेष म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतले पाहिजे.