वैनगंगेचें पाणी आणि परक्यांचा पैसा

भंडारा जिल्ह्याची ओळख करून देतांना तलावांचा उल्लेख आधीं करण्याची चाल आहे, व ती योग्यच आहे. गोंड राजवटींत कोहळी लोकांनीं बांधलेले हे तलाव पुढें मालगुजारांच्या ताब्यांत गेले. १९५१ मध्यें मालगुजारी संपली तेव्हां ते 'माजी मालगुजारी', म्हणजे बोलण्यांत 'मामा तलाव', झाले. या तलावांची माती गांवानेंच वाहिली, गाळ गांवानेंच उपसला, आणि पाणी बिघडलें तर त्याचा जाबही गांवांतल्या गांवांतच विचारतां येत होता. पाण्याचा धनी कोण हा प्रश्न त्या काळीं अवघड नव्हता.

नदीचें तसें नाहीं. वैनगंगा मध्यप्रदेशांतून येते, भंडारा शहरावरून दक्षिणेस वळते, व अंभोऱ्यास तिला कन्हान मिळते. हें अंभोरा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. मुकुंदराजांनीं 'विवेकसिंधु' कोठें लिहिला या वादांत अंबेजोगाईच्या जोडीनें अंभोऱ्याचें नांव येतें, आणि विदर्भांतील विद्वानांनीं तो पक्ष मोठ्या हिरिरीनें मांडला आहे. त्या वादाचा निकाल लावण्याचा येथें हेतु नाहीं. पांच नद्यांचा संगम म्हणून ज्या स्थळीं लोक स्नानास येतात, तेथें आज कोणतें पाणी येऊन मिळतें एवढेंच पाहावयाचें आहे.

नागपूरच्या पश्चिमेस लाव्याच्या टेकड्यांत नाग नदी उगम पावते. अंबाझरीखालून निघून ती शहराच्या मध्यांतून पूर्वेस जाते, पिवळी नदीस पोटांत घेते आणि कन्हानेस मिळते. शहर वाढलें तसें तिचें मूळचें पाणी आटत गेलें व सांडपाणी वाढत गेलें. ज्या नदीवरून नागपुरास नांव मिळालें, तिला त्याच नागपुरांत लोक नाला म्हणतात. हें पाणी कन्हानेवाटे वैनगंगेंत येतें, आणि पुढें पवनीच्या अलीकडे गोसीखुर्दचें धरण त्यास अडवितें. १९८८ मध्यें या धरणाची कोनशिला बसली व २००९ मध्यें त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाहत्या नदींत जें निघून गेलें असतें तें आतां जलाशयांत थांबतें. त्यावर जलपर्णीचा हिरवा थर चढतो; ढीमर बांधवांचीं जाळीं त्यांत अडकतात; आणि फुगवटा कारधा-भंडाऱ्याकडे वर सरकतो. भंडाऱ्यांतील मनुष्यानें नागपूरच्या गटाराविरुद्ध तक्रार कोणाकडे करावी?

घाण दिसते, तिचा वास येतो, म्हणून तिच्याविषयीं निदान बोललें तरी जातें. तिच्यांत जें दिसत नाहीं तें अधिक चिंतेचें आहे. मोठ्या शहराच्या सांडपाण्यांत रुग्णालयांचें व घरोघरच्या आजाऱ्यांचें मलमूत्र असतें. त्यांतून प्रतिजैविक औषधांचे अंश आणि त्या औषधांस दाद न देणारे जंतु एकत्र येतात. जंतु मारावयास अपुरा, परंतु दुबळ्यांस बाजूस सारून बळकटांस पुढें आणावयास पुरेसा, असा तो औषधाचा अंश असतो. शिवाय १९५९ मध्यें ओचियाई व अकिबा यांनीं जपानांत असें दाखविलें कीं, ही प्रतिकारशक्ति एका जातीचा जंतु दुसऱ्या जातीच्या जंतूस देऊं शकतो. मनुष्य आपली विद्या मुलांसच देतो असें नाहीं, शेजाऱ्यासही शिकवितो; जंतूंचेंही तसेंच आहे. दाट सांडपाणी ही त्यांची पाठशाळा होय.

जगांत हा रोग कितपत पसरला आहे? २०१९ या एका वर्षांत औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें सरळ मरण पावलेल्यांची संख्या सुमारें १२ लाख ७० हजार होती, असा अंदाज २०२२ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. या गणनेचा खर्च गेट्स प्रतिष्ठान, वेल्कम ट्रस्ट व ब्रिटिश सरकारचा फ्लेमिंग निधि यांनीं सोसला. येथेंच आमच्या मूळ विषयास हात लागतो. आपल्या देशांतील पाण्यांत काय आहे हें शोधण्यासाठीं परक्यांनीं पैसा देण्याची रीत आजची नाहीं, तिला सव्वाशेहून अधिक वर्षें झालीं आहेत.

१८८३ च्या डिसेंबरांत रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ आपल्या सरकारच्या खर्चानें मिसरमधून कलकत्त्यास आला. पटकी कशानें होते हें त्यास शोधावयाचें होतें. १८८४ च्या आरंभीं कलकत्त्यांतील एका तळ्याच्या पाण्यांत, ज्याच्या कांठीं पटकीचे रोगी निघाले होते व ज्याचें पाणी लोक पीत, धूत आणि न्हात होते, त्यास तो स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु सांपडला. परत गेल्यावर त्याच्या मंडळास जर्मन सरकारनें १ लक्ष मार्कांचें बक्षीस दिलें. इंग्रज सरकारास मात्र हा शोध रुचला नाहीं. पटकी हिंदुस्थानच्या पाण्यांतून जहाजावर चढते असें ठरलें तर सुएझच्या वाटेवर जहाजें अडकून पडावयाचीं व व्यापार बुडावयाचा. तेव्हां त्याच वर्षीं क्लाइन व गिब्ज अशा दोघांस पाठवून कॉखचें म्हणणें खोडून काढण्याचा उद्योग झाला. एका सरकारनें शोधासाठीं पैसा दिला, दुसऱ्यानें त्या शोधाच्या खंडनासाठीं. ज्यांच्या तळ्यांतलें पाणी तपासलें त्यांचें मत कोणी विचारलें नाहीं.

पुढें आग्र्यास हँकिन नांवाच्या रसायनतज्ज्ञास गंगा-यमुनेच्या पाण्यांत पटकीचे जंतु मरतात असें आढळलें, व तें त्यानें १८९६ मध्यें पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकांत छापलें. जंतूंस खाणाऱ्या विषाणूंस द'हेरेल यानें १९१७ मध्यें 'बॅक्टेरियोफाज' हें नांव दिलें, आणि १९२७ मध्यें तो पटकीवर त्यांचा प्रयोग करण्यास हिंदुस्थानांत आला. नदीचें पाणी औषध होऊं शकेल ही आशा त्या दशकांत बरीच होती. प्रतिजैविकें आलीं आणि ती मागें पडली. आतां तीं औषधें निकामी होऊं लागतांच जुने कागद पुन्हां उघडले जात आहेत.

प्रतिजैविकांच्या आगमनाची एक हकीकत महाराष्ट्रांतल्या वाचकांस विसरतां येण्यासारखी नाहीं. १९४४ च्या फेब्रुवारींत आगाखान राजवाड्यांत कस्तुरबा मृत्युशय्येवर असतांना त्यांच्या पुत्रानें, देवदासांनीं, विमानानें पेनिसिलिन आणविलें. वारंवार टोंचण्याचा त्रास या शेवटच्या घटकेस देऊं नये, असें गांधीजींनीं म्हटलें, व तें दिलें गेलें नाहीं. त्याच पुण्यापासून थोड्या कोसांवर पिंपरीस, १९५४ मध्यें, हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें. गरीब राष्ट्रास परकीय कंपन्यांच्या दाराशीं उभें राहावें लागूं नये म्हणून यंत्रें व ज्ञान हीं दोन्हीं देण्यांत आलीं; परकीय साहाय्याच्या इतिहासांत इतकें निर्मळ उदाहरण क्वचितच सांपडेल. परंतु औषध शरीरांतून बाहेर पडल्यावर कोठें जातें याचा विचार त्या काळीं देणाऱ्यानें केला नाहीं व घेणाऱ्यानेंही नाहीं. फ्लेमिंगनें १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानांत अपुऱ्या मात्रेनें जंतु निर्ढावतात असा इशारा दिला होता. पण त्याच्या डोळ्यांसमोर रोगी होता, नदी नव्हती.

नदी पुढें आली ती २००७ मध्यें. हैदराबादेजवळच्या पाटणचेरू येथील औषध-कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रांतून बाहेर पडणारें पाणी स्वीडनच्या लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तपासलें. त्यांत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हें औषध लिटरमागें ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालें. सबंध स्वीडन देश पांच दिवसांत जितकें तें औषध खातो, तितकें तेथून एका दिवसांत वाहून जात होतें.

यापुढचें प्रकरण अधिक कडू आहे. नव्या दिल्लींत उपचार घेऊन गेलेल्या एका स्वीडनवासी रोग्याच्या शरीरांत २००८ मध्यें असा जंतु सांपडला कीं, त्यावर शेवटच्या फळीचीं औषधेंही चालेनात. त्या जंतूनें तयार केलेल्या द्रव्यास 'नवी दिल्ली' हें नांव जोडण्यांत आलें. २०१० मध्यें तत्संबंधीं मोठा लेख प्रसिद्ध होतांच भारतांत संताप उसळला. त्या संशोधनास युरोपीय संघ, वेल्कम ट्रस्ट आणि वायेथ ही औषध-कंपनी यांचा पैसा होता, यावर आक्षेप आला; आपल्याकडे येणारे परदेशी रोगी थांबवावे असा हा डाव आहे असेंही म्हटलें गेलें. नांवाविषयींचा राग रास्त होता, व त्या नियतकालिकाच्या संपादकानेंही पुढें ती चूक मान्य केली. परंतु रागाच्या भरांत पाणी मागें राहिलें. २०११ मध्यें कार्डिफच्या वॉल्श यांनीं दिल्लींतील डबक्यांचे व ओहोळांचे १७१ नमुने तपासले, त्यांपैकीं ५१ मध्यें तें जनुक होतें. नळाच्या पिण्याच्या ५० नमुन्यांपैकीं २ मध्यें होतें. पैसा कोणाचा हें विचारणें आवश्यकच आहे. पण तेवढेंच विचारून थांबलें म्हणजे १८८४ सालच्या इंग्रज सरकाराच्या पंक्तीस आपण जाऊन बसतों.

त्यानंतर परकीय व स्वकीय पैसा एकत्र येऊं लागला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. २०२० मध्यें ब्रिटन व भारत यांनीं मिळून ८० लक्ष पौंड पांच प्रकल्पांस दिले. औषध-कारखान्यांच्या सांडपाण्यांतून प्रतिकारशक्ति कशी पसरते हा त्यांचा विषय. त्याच वर्षाच्या जानेवारींत केंद्र सरकारनें औषध-कारखान्यांच्या सांडपाण्यांत प्रतिजैविकांचें प्रमाण किती असावें याच्या मर्यादा नियमांच्या मसुद्यांत घातल्या होत्या. २०२१ च्या ऑगस्टांत अंतिम नियम निघाले तेव्हां त्या मर्यादा गळालेल्या होत्या! संशोधनास पैसा मिळतो, पण संशोधनानें जें सांगितलें तें कायद्यांत उतरविण्यास तो पैसा असमर्थ ठरतो. आणि तो पैसाही कायमचा नसतो: फ्लेमिंग निधि, ज्याची घोषणा २०१५ मध्यें २६ कोटी ५० लक्ष पौंडांची झाली होती, तो २०२५ मध्यें ब्रिटिश सरकारनें आपल्या खर्चकपातींत बंद करण्याचें ठरविलें.

वाचक म्हणतील, कलकत्ता झालें, हैदराबाद झालें, दिल्ली झाली, भंडाऱ्याचें काय? आमचें म्हणणें तेंच आहे. या पैशाची नजर कारखान्याच्या दाराशीं किंवा राजधानीच्या नळाशीं जाते, कारण देणाऱ्याचें भय तेथें आहे: जहाजावर चढणारी पटकी, विमानानें परतणारा रोगी. नदीच्या खालच्या अंगास राहणारा मनुष्य कोठेंच प्रवास करीत नाहीं. त्याच्या पाण्याचें भय फक्त त्यालाच असतें.

नाग नदीच्या वांट्यास जो परकीय पैसा यावयाचा आहे तो संशोधनाचा नसून कर्जाचा आहे. डिसेंबर २०२२ मध्यें सुमारें १,९२७ कोटी रुपयांच्या प्रदूषण-निवारण योजनेस केंद्राची संमति मिळाली, आणि तिला जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जाचा आधार आहे. मलनिस्सारणाच्या वाहिन्या व शुद्धीकरण-केंद्रें यांवर हा पैसा खर्च व्हावयाचा. योजना उत्तम आहे, व ती भंडाऱ्यास वरदान ठरेल यांत शंका नाहीं. मात्र साध्या शुद्धीकरण-केंद्राची रचना घाण कुजविण्यासाठीं व गाळ बसविण्यासाठीं असते. प्रतिकारक्षम जंतु व त्यांचीं जनुकें त्यांतून कमी होतात, नाहींशीं होत नाहींत. तेव्हां काम होण्याआधीं व झाल्यावर खालच्या पाण्यांत काय फरक पडला हें कोणी तरी मोजलें पाहिजे.

तें मोजणें फार खर्चाचें नाहीं. पाणी व सार्वजनिक आरोग्य यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९५८ मध्यें नागपुरासच स्थापन झाली आणि १९७४ पासून ती 'नीरी' या नांवानें ओळखली जाते. नाग नदीच्या कांठींच तिचें शहर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें 'ट्रायसिकल' नांवाची एक सोपी पद्धति प्रसिद्ध केली. आंतड्यांतील एकच परिचित जंतु घ्यावयाचा, आणि औषधांस न जुमानणारे त्यांत किती, हें माणसांत, कोंबड्यांत व पाण्यांत ठरावीक काळानें मोजावयाचें. साधी प्रयोगशाळा असली तरी चालतें. पाण्याचे नमुने शहराच्या वरच्या अंगास, सांडपाण्यांत, आणि शहराच्या खालच्या अंगास घ्यावे असें त्यांत सांगितलें आहे. नागपूरच्या बाबतींत वरचें अंग म्हणजे अंबाझरीपलीकडच्या टेकड्या. खालचें अंग म्हणजे कन्हानेचा कांठ, अंभोऱ्याचा संगम आणि गोसीखुर्दचा जलाशय.