जिम कॉर्बेट : बंदुकीमागचा व्यवहारी माणूस

स्मरणिका समितीने या वेळी इतिहासावर लिहायला सांगितले, म्हणून माझ्या आवडत्या माणसाबद्दल लिहितो. जिम कॉर्बेट म्हटले की आपल्याला नरभक्षक वाघच आठवतात. ४३६ माणसे मारणारी चंपावतची वाघीण त्यांनी १९०७ साली टिपली, रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली. त्यांच्या पुस्तकांचे मराठी अनुवाद आपल्यापैकी अनेकांनी वाचले असतील. पण मी पडलो बँकेतला माणूस. मला ओढ वाटते ती त्यांच्या पैशाच्या व्यवहाराची.

कॉर्बेट यांचा जन्म १८७५ साली नैनितालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. ते लवकर गेले आणि घर आईवर आले. या बाईंनी नैनितालमध्ये घरे भाड्याने लावून देण्याचा धंदा सुरू केला. पुढे जिमही त्याच धंद्यात होते. म्हणजे एवढा मोठा शिकारी एरवी भाडेकरू, मालक आणि दुरुस्त्या यांच्यात गुंतलेला असे!

त्याआधीची वीसेक वर्षे ते बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर रेल्वेचे माल हलवण्याचे कंत्राटदार होते. रुंद रुळांच्या गाडीतला माल उतरवून अरुंद रुळांच्या गाडीत भरायचा, तोही माणसांच्या डोक्यावरून, वर्षाकाठी सुमारे ५ लाख टन. एकविसाव्या वर्षी त्यांनी हे काम अंगावर घेतले. 'माय इंडिया' या पुस्तकात त्यांनी या मजुरांबद्दल लिहिले आहे, आणि माझ्या मते त्यांचे हे सर्वांत चांगले पुस्तक.

त्यातला बुद्धू हा कोळसा वाहणारा मजूर. आजोबांनी सावकाराकडून घेतलेले २ रुपये तिसऱ्या पिढीपर्यंत १२५ झाले होते. कॉर्बेट यांनी वकील गाठून त्याची सुटका केली. दुसरे लालाजी, भागीदाराने बुडवलेले व्यापारी. पटकीने आजारी होऊन घाटावर आले. कॉर्बेट यांनी त्यांना घरी ठेवून शुश्रूषा केली आणि धंदा पुन्हा उभा करायला ५०० रुपये दिले. कागद नाही, तारण नाही, जामीन नाही. माझ्यासमोर असा अर्ज आला असता तर नियमाप्रमाणे मला तो परतच पाठवावा लागला असता. लालाजींनी रक्कम परत आणली, वर व्याजही देऊ केले. मित्राला दिलेल्या पैशावर व्याज घ्यायची आमच्यात रीत नाही, असे सांगून कॉर्बेट यांनी ते नाकारले.

घाटावरच्या मुलांसाठी त्यांनी आणि तिथले रेल्वेचे अधिकारी रामसरन यांनी शाळा काढली. अडचण जातीची होती. वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींची मुले एका खोलीत बसायला तयार नव्हती. रामसरन यांनी तोड काढली : खोलीच्या भिंतीच काढून टाकायच्या. खोलीत चालत नाही, पण नुसत्या छपराखाली शेजारी बसायला कोणाची हरकत नव्हती! शाळा पुढे चांगली वाढली.

याच कॉर्बेट यांनी काळाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानीत मात्र भिंत बांधली. जमीन घेऊन कुळे वसवली आणि जंगली जनावरांनी पीक खाऊ नये म्हणून गावाभोवती कित्येक किलोमीटरचा दगडी गडगा घातला. तो अजून पाहायला मिळतो. १९४७ साली ते बहिणीसह केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तिथेच वारले. ज्या माणसांना आपली म्हटली त्यांच्यापासून इतक्या लांब जावे लागणे, हे मला वाचताना नेहमी लागते. गावची जमीन मात्र कुळांकडेच राहिली. १९३६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानालाही पुढे त्यांचेच नाव दिले गेले.

पंचवीस वर्षांत आपणही कंपाउंडची भिंत घातली, गेट बसवले, वॉचमन ठेवले. ते हवेच. पण मालक आणि भाडेकरू, 'ए' विंग आणि 'बी' विंग, मेंटेनन्स वेळेवर भरणारे आणि थकवणारे, अशा भिंती मीटिंगमध्ये दिसू लागल्या आहेत. पुढे रिडेव्हलपमेंटचा विषय येईल तेव्हा कागदपत्रे लागतीलच, पण एकमेकांवरचा भरवसा नसेल तर कागदांनी काही होत नाही, हे मी बँकेत पाहिले आहे. भिंत रानडुकरांसाठी असावी, शेजाऱ्यासाठी नसावी, एवढे जरी आपण कॉर्बेट यांच्याकडून घेतले तरी पुष्कळ झाले.