सुईएवढी जखम

रंगाऱ्याचा धंदा म्हटला की शिडीवरून पडणं किंवा रंगातल्या शिशाची बाधा, हेच धोके आठवतात. फवाऱ्याने रंग मारायला लागल्यावर त्यांत एक नवा धोका आला.

शिकागोत १८९३ साली जागतिक प्रदर्शन भरलं. तिथल्या भल्याथोरल्या इमारती वेळेत रंगवायच्या, म्हणून पंपाने रंग फवारला गेला. पुढे दाबाच्या हवेने रंग उडवणाऱ्या बंदुका आल्या. मग १९५०च्या दशकात अमेरिकेत हवेवाचून चालणारं यंत्र आलं. यात पंप रंगालाच दाबतो आणि बारीक छिद्रातून बाहेर फेकतो. मोटारीच्या चाकात हवा असते साधारण तीस पौंडांची. या यंत्रात दाब तीन हजार पौंडांपर्यंत जातो. जहाज असो की पूल, काम भराभर उरकतं.

पण नोजल तुंबतं. कारागीर उजव्या हाताने बंदूक धरतो, डाव्या हाताच्या बोटाने तोंड पुसायला जातो आणि चाप दाबला जातो. धार हातमोजा भेदून कातडीत शिरते. दिसतं काय? सुई टोचल्याएवढं भोक. रक्त थेंबभर, दुखणंही फारसं नाही. माणूस बोट पुसून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र रंग आणि थिनर स्नायुबंधांच्या कडेने तळहातापर्यंत पोचलेले असतात. काही तासांत बोट सुजतं, रक्तपुरवठा तुटतो, मांस मरू लागतं.

वैद्यकाला हे नवीन नव्हतं. डिझेल इंजिनातल्या तेलाची धार अशीच शरीरात घुसल्याची हकीकत रीस नावाच्या डॉक्टरांनी १९३७ सालीच छापली होती. म्हणजे हे रंगाचं यंत्र येण्याच्या कितीतरी आधी! पुढे २००६ साली अशा ४३५ जखमींच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. शंभरातल्या सुमारे तिसांचं बोट किंवा हाताचा भाग कापावा लागला होता. थिनरसारखी द्रव्यं आत गेलेल्यांत, सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांचे हात जास्त वाचले होते.

आता नोजलपुढे आडोसा असतो, चापाला खटका असतो. तरीही साफ करण्याआधी पंप बंद करून दाब उतरवायलाच हवा. आणि धार लागलीच, तर मलमपट्टीवर भागवू नये. तडक मोठं रुग्णालय गाठावं. काय आत गेलं, किती वाजता गेलं, हे डॉक्टरांना आधी सांगावं. कारण नुसती जखम पाहून त्यांनाही ती किरकोळच वाटण्याचा संभव असतो.