जळालेली किताब पुन्हा कोरणारे

इ.स. १२५८ मध्ये हुलागूखानाच्या फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केले. उर्दू शाळेत इतिहास शिकवताना आम्ही हे साल मुलांकडून पाठ करून घेतो. मात्र त्याच्या २६ वर्षे आधी, १२३२ साली, याच मंगोलांनी कोरियात बौद्ध धर्मग्रंथांच्या लाकडी छापपाट्या जाळल्या होत्या. पुढे काय घडले, ते पाहायचे तर दक्षिण कोरियातील गयासान डोंगर चढावा लागतो.

तिथल्या दाट झाडीत ८०२ साली स्थापन झालेला हेइन्सा मठ आहे. पायऱ्या चढत गेलेला प्रवासी बुद्धाच्या मुख्य मंदिरापाशी थांबत नाही. त्याच्याही वर लाकडी कोठारे आहेत. त्यांत त्रिपिटक कोरलेल्या ८१ हजारांहून अधिक पाट्या आहेत. दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, चिनी लिपीतल्या.

राजदरबार गंगह्वा बेटावर आश्रयाला गेलेला असताना हे काम पुन्हा हाती घेतले गेले आणि १२५१ मध्ये पुरे झाले. सूगी नावाच्या भिक्षूने चीनची, खितानांची आणि कोरियाची जुनी प्रत ताडून पाठ शुद्ध केला. एकेक रिवायत पारखून घेणारे आमचे मुहद्दिस इथे आठवतात.

या पुण्याने शत्रू परत जाईल, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. शत्रू गेला नाही. १२५९ मध्ये राज्याला मंगोलांपुढे नमते घ्यावे लागले. पाट्या मात्र राहिल्या. १३९८ मध्ये त्या बेटावरून हलवल्या गेल्या आणि या डोंगरावर आल्या. कोठारांच्या खिडक्या खाली-वर, पुढे-मागे मुद्दाम लहानमोठ्या ठेवल्या आहेत, म्हणजे हवा खेळती राहते. जमिनीत कोळसा, चुना आणि मीठ घातले आहे. १९५१ च्या युद्धात गनिमी सैनिक लपल्यामुळे या भागावर बॉम्ब टाकण्याचा हुकूम झाला, तेव्हा किम यंग-ह्वान या वैमानिक अधिकाऱ्याने मठावर बॉम्ब टाकायला नकार दिला. १९९५ मध्ये ही कोठारे जागतिक वारसा ठरली.

बगदादचा मर्सिया शेख सादींनी लिहिला. तो शोक आमचाही आहे. पण इल्म शोकाने वाचत नाही. त्याला ताडून पाहणारे डोळे, कोरणारे हात आणि हवा खेळती ठेवणारी खिडकी लागते. आमच्या वस्त्यांतल्या जुन्या वाचनालयांत किताबांना वाळवी लागते आहे, आणि तिथे तर कोणी हुलागू आलेला नाही.