टायरमध्ये नायट्रोजन भरावा की साधी हवा? पैसे देण्याआधी हे वाचा

पेट्रोल पंपावर गाडी लावली की एका बाजूला फुकट हवेचं मशीन असतं आणि दुसऱ्या बाजूला 'नायट्रोजन' असा बोर्ड. तिथला पोरगा सांगतो, "साहेब, नायट्रोजन मारून घ्या, टायर थंड राहतो, फुटत नाही, मायलेज वाढतं." कुठे एका चाकाचे दहा-वीस रुपये घेतात, तर पहिल्यांदा भरताना कुठे चाळीस-पन्नास. लग्नसराईत, पंढरपूरला जाताना किंवा समृद्धी महामार्गावर गाडी काढायच्या आधी हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. पैसे थोडे असले तरी गाडीत अख्खं घर बसलेलं असतं. म्हणून या दाव्यांत किती तथ्य आहे, ते एकेक करून पाहूया.

नायट्रोजन म्हणजे नेमकं काय?

आपण श्वास घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. ऑक्सिजन साधारण २१ टक्के आणि उरलेल्या एका टक्क्यात बाकीचे वायू. म्हणजे पंक्चरवाल्याकडे साधी हवा भरली तरी टायरमध्ये तीन हिस्से नायट्रोजनच गेलेला असतो. नायट्रोजनचं मशीन हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा बाजूला काढतं, एवढाच फरक.

दावा पहिला : नायट्रोजन लवकर कमी होत नाही

हे खरं आहे, पण फरक थोडा आहे. रबरातून वायू हळूहळू झिरपतो आणि नायट्रोजन ऑक्सिजनपेक्षा जरा सावकाश झिरपतो. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने ३१ प्रकारचे टायर वर्षभर ठेवून हे मोजलं. सुरुवातीला सगळ्यांत ३० पीएसआय, म्हणजे आपल्या भाषेत ३० पॉइंट, हवा होती. वर्षानंतर साधी हवा सरासरी ३.५ पॉइंट कमी झाली, तर नायट्रोजन २.२ पॉइंट. वर्षभरात फरक पडला फक्त १.३ पॉइंटचा.

आणि हे झिरपणं फक्त रबरातलं. खिळा घुसला, व्हॉल्व्ह लीक झाला किंवा रिम वाकली, तर नायट्रोजनही हवेसारखाच निघून जातो.

दावा दुसरा : उन्हात प्रेशर वाढत नाही

हे चूक आहे. कोणताही वायू तापला की त्याचं प्रेशर वाढतं. सकाळी २५ अंश तापमान असताना टायरमध्ये ३२ पॉइंट भरले आणि दुपारी डांबरी रस्त्यावर टायरमधला वायू ६० अंशांपर्यंत तापला, तर प्रेशर साडेसदतीसच्या आसपास जातं. नायट्रोजन असो वा कोरडी हवा, दोन्हींचा हिशोब जवळपास सारखाच.

फरक पडतो तो ओलाव्याने. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि ते हवेबरोबर टायरमध्ये जातं. त्याची वाफ झाली की प्रेशर थोडं जास्त हलतं आणि लोखंडी रिमला आतून गंजही लागू शकतो. नायट्रोजन कोरडा असल्याने हा त्रास कमी. पण ज्याच्याकडे टाकीतलं पाणी रोज काढून टाकतात अशा पंक्चरवाल्याकडची हवाही चालते.

दावा तिसरा : टायर फुटत नाही

खरी भीती याचीच आहे. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीही राज्यसभेत, टायर फुटून होणारे अपघात टाळण्यासाठी टायरच्या रबरात सिलिकॉन मिसळणं आणि साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणं सक्तीचं करण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं. त्यामुळे नायट्रोजन म्हणजे टायर फुटण्यावरचा हमखास इलाज, असा अनेकांचा समज झाला.

विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात, हे खरं आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत एक प्रवासी विमान उड्डाणानंतर कोसळलं आणि १६७ जण गेले. त्या विमानाच्या एका टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरली होती. ब्रेक प्रचंड तापल्यावर टायरचा स्फोट झाला. पण विमानाच्या टायरचं प्रेशर कारच्या कितीतरी पट असतं आणि उतरताना त्याचे ब्रेक भयंकर तापतात. आपल्या कारवर किंवा पिकअपवर तशी वेळ येत नाही.

आपल्याकडे टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्याने, माल जादा भरल्याने, टायर जुना किंवा गुळगुळीत झाल्याने, नाहीतर खड्ड्यात आपटून बाजूला फुगा आल्याने. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते. त्यातून उष्णता तयार होते, आतले थर सुटायला लागतात आणि ताशी शंभरच्या वेगात टायर अचानक जातो. आत २४ पॉइंट नायट्रोजन आहे की २४ पॉइंट हवा, याने त्यात काहीच फरक पडत नाही.

समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सरळ रस्त्यावर तासन् तास एकाच वेगाने गाडी पळते आणि टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. तालुक्याच्या रस्त्यावर चालून जाणारी हवेची कसूर तिथे महागात पडते.

दावा चौथा : मायलेज वाढतं, गाडी हलकी होते

टायरमधली हवा एका पॉइंटने कमी झाली की मायलेज साधारण ०.२ टक्का घटतं. वर्षाच्या शेवटी फरक १.३ पॉइंटचा, म्हणजे पाव टक्का. वर्षाला ६० हजारांचं इंधन जाळणाऱ्याचे फार तर दीडशे रुपये वाचतील, तेही वर्षभर हवा बघितलीच नाही तर. दर महिन्याला हवा चेक करणाऱ्याला हा फायदाही मिळत नाही. वजनाचं म्हणाल तर एका चाकामागे फरक चार-पाच ग्रॅमचा. तेवढा तर चाकाला चिखल लागतो.

पैसे देऊन शुद्ध नायट्रोजन मिळतो का?

टायर पूर्ण बसवला तरी आत थोडी हवा राहतेच. त्यावर ३२ पॉइंट शुद्ध नायट्रोजन भरला तर आत साधारण ९३ टक्के नायट्रोजन होतो. पण २८ पॉइंट साध्या हवेवर नुसते वरचे चार पॉइंट नायट्रोजन मारला, तर प्रमाण ७८ वरून कसंबसं ८० टक्क्यांवर जातं. म्हणजे टायर रिकामा न करता वरून भरलेल्या नायट्रोजनचे पैसे जवळपास वाया जातात.

मग भरावा की नाही?

नवीन टायर घेताना दुकानदार फुकट भरून देत असेल तर खुशाल घ्या, नुकसान काही नाही. गाडी महिनोन् महिने गावी उभी राहत असेल तर थोडा फायदा आहे. पण चार चाकं आणि स्टेपनी मिळून दरवेळी पन्नास-शंभर रुपये देण्याइतका फरक नाही. ट्रॅक्टरला तर गरजच नाही, मागच्या चाकात आपण वजनासाठी पाणी भरतोच. तेवढ्या पैशांत हवा मोजायचं मीटर घ्या, साधं मीटर पाचशेच्या आत येतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. आधी नायट्रोजन भरलेला असला आणि वाटेत हवा कमी वाटली, तर जवळ दिसेल तिथे साधी हवा भरून घ्या. दोन्ही एकत्र चालतात. नायट्रोजनचा पंप येईपर्यंत कमी हवेवर गाडी पळवणं सगळ्यात धोक्याचं.

निघण्याआधी एवढं बघा

• हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. माल किंवा माणसं जास्त असतील तर आकडा वेगळा असतो, तोही बघा.

• गाडी तापल्यावर प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा काढू नका. थंड झाल्यावर ती कमी पडेल.

• टायरच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कायद्याने कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी.

• टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर दाखवून घ्या, नक्षी चांगली दिसत असली तरी.

• व्हॉल्व्हची टोपी बसवलेली आहे ना, आणि स्टेपनीत हवा आहे ना, हे बघायला विसरू नका.

पेट्रोल पंपावर हवा फुकट भरून मिळते, तो ग्राहकाचा हक्क आहे. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी न चुकता पाच मिनिटं त्यासाठी काढा.