दोन सूर्योदय : रायपूर आणि मुंबई

सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी एका काहीशा उपेक्षित विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. रायपूरच्या मराठी माणसाने आपला दिवस कोणत्या सूर्योदयापासून मोजावा, हा तो विषय होय.

मराठी माणूस ह्या प्रदेशात आला तो घड्याळाच्या पुष्कळ आधी. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून आले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले ह्यांनी तेथून कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीखाली मुख्य ठाणे रायपुरास हलले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. त्या काळी प्रत्येक गावाची माध्यान्ह त्या गावापुरती असे. नागपूर आणि रायपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर असली, तरी दोहोंच्या माध्यान्हीत दहा मिनिटांचे अंतर पडते. बैलगाडीने जाणाऱ्या प्रवाशाला ते कधी जाणवलेच नाही.

ते जाणवले आगगाडीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशातील रेल्वे मद्रासची वेळ पाळीत. मुंबई शहर मात्र ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली स्वतःची वेळ सांभाळून होते. १ जानेवारी १९०६ रोजी साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तेव्हा मुंबईकरांना घड्याळ एकदम ३९ मिनिटे पुढे सारावे लागणार होते. गिरणी-कामगारांपासून नगरपालिकेपर्यंत सर्वत्र विरोध झाला, आणि जुनी 'मुंबई वेळ' स्वातंत्र्यानंतरही काही काळ शहरात टिकून राहिली.

रायपुरात असा संघर्ष होण्याचे कारण नव्हते. प्रमाणवेळेचे ८२॥ अंशांचे रेखावृत्त छत्तीसगडमधूनच जाते. कोरिया जिल्ह्यात ते कर्कवृत्ताला छेदते. रायपूर त्याच्या पश्चिमेस एक अंशाहूनही कमी अंतरावर आहे. येथील स्थानिक वेळ प्रमाणवेळेहून केवळ साडेतीन मिनिटे मागे. ज्या वेळेविरुद्ध मुंबई भांडली, ती वेळ आपल्या गावी जणू घरचीच होती.

भूगोलही असाच निराळा. मुंबईचे तोंड पश्चिम समुद्राकडे. नागपूरचे पाणी वैनगंगेतून गोदावरीला मिळते. मैकल डोंगररांगेच्या दक्षिण टोकाजवळची भूमी ओलांडली की मात्र उतार बदलतो. आपली खारून शिवनाथेस मिळते, शिवनाथ महानदीस. सह्याद्रीची कडेकपार येथे नाही; भाताचे सपाट मैदान आणि गावोगावचे तलाव आहेत.

ह्या सर्वांचा आपल्या घराशी संबंध पंचांगातून येतो. मुंबई आणि रायपूर ह्यांच्या रेखांशांत सुमारे पावणेनऊ अंशांचे अंतर आहे. अंशाला चार मिनिटे ह्या हिशेबाने ते ३५ मिनिटे, म्हणजे जवळजवळ दीड घटिका होते. अक्षांशभेदामुळे रायपूरचा सूर्योदय जूनमध्ये मुंबईच्या सुमारे ४० मिनिटे, तर डिसेंबरमध्ये सुमारे ३१ मिनिटे आधी होतो. तिथी संपण्याचा क्षण साऱ्या देशात एकच असतो. सूर्योदय मात्र ज्याचा त्याचा. समजा, मार्चमध्ये एखादी तिथी सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी संपली. रायपुरात तोवर सूर्य उगवलेला असतो, म्हणून येथे तीच तिथी उदयतिथी ठरते. मुंबईत सूर्योदयापूर्वीच पुढची तिथी लागते. मुंबईचा सूर्योदय धरून गणित केलेले पंचांग येथे जसेच्या तसे वापरल्यास व्रताचा दिवसच चुकू शकतो. संकष्टीला आमची आजी मुंबईची चंद्रोदयाची वेळ वाचून उपाशी बसून राही, आणि इकडे अंगणात चंद्र केव्हाच वर आलेला असे. 'अगं, वर बघ की!' असे आजोबांनी म्हणताच ती हसून पानावर बसे.

ह्या प्रदेशात स्थिरावलेल्या माधवराव सप्रे ह्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, आणि पुढे 'दासबोध' व 'गीतारहस्य' हे मराठी ग्रंथ हिंदीत नेले. मराठीची ठेव त्यांनी टाकली नाही, आणि ज्या भूमीवर राहिले तिची भाषाही परकी मानली नाही. आपल्या मंडळाची वाटचालही ह्याच मार्गाने व्हावी. पंचांग मराठीच असो. परंतु त्यातील सूर्योदय रायपूरचा असावा.